नीलाचलावरील कामाख्या

गुवाहाटीस बदली झाल्यावर पहिल्याच रविवारी नीलाचल चढून गेलो. घरी तसे कळविले, तेव्हा आईने उलट टपाली विचारले, "देवीची मूर्ती कशी आहे?" कामाख्येला मूर्तीच नाही. पायऱ्या उतरून अंधाऱ्या गाभाऱ्यात जावे, तो खडकातील एक योनिसदृश चीर व तीवर अखंड पाझरणारे झऱ्याचे पाणी, एवढेच आढळते. आपल्याकडे निदान शेंदूर माखलेला तांदळा तरी असतो.

सतीच्या देहाची कथा सर्वश्रुत आहे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती कालिकापुराणातील नरकाची. त्याने प्राग्ज्योतिषपूर घेतले व किरातांना पूर्वसमुद्राकडे हटविले. परंतु कामाख्येवाचून अन्य देवतेची उपासना करू नकोस, असे विष्णूने त्याला बजावले. म्हणजे राज्य बदलले, देवी तीच राहिली. योगिनीतंत्र तर या पीठाचा धर्म किरातांपासून निघाला असेच सांगते. बाणीकांत काकतींनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात देवीच्या नावाचे मूळ आर्येतर भाषांत शोधले आहे. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती पटेलच असे नव्हे. तथापि ही देवी मुळात येथील डोंगरवासीयांची, हे नाकारणे कठीण आहे. संस्कृत मंत्र मागाहून आले.

आजचे देऊळ कोच राजा नरनारायण व त्याचा भाऊ शुक्लध्वज ऊर्फ चिलाराय यांच्या काळचे. शके १४८७, म्हणजे इ. स. १५६५ चा शिलालेख तेथे आहे. जुन्या दगडी जोत्यावर विटांचा घुमट चढविलेला स्पष्ट दिसतो. गंमत अशी की, शापामुळे कोच राजवंशीयांनीच दर्शनास जाऊ नये, अशी दंतकथा आहे! पुढे आहोम राजा शिवसिंह याने (१७१४–१७४४) बंगालमधून आलेल्या कृष्णराम भट्टाचार्यांकडे व्यवस्था सोपविली. बळीची प्रथा अद्याप चालू आहे. मला ती पाहवली नाही.

सौर आषाढात अंबुबाची येते. देवी रजस्वला मानून तीन दिवस दार बंद असते. शेतकरीही जमिनीला नांगर लावीत नाही. चौथ्या दिवशी दार उघडते व लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळतो. ज्या कारणासाठी आमच्या घरी आईला दर महिन्यास बाजूला बसावे लागे, त्याचाच हा प्रसाद लोक मस्तकी लावीत होते.

आईला लिहिले की, मूर्ती नाही, पाणी आहे. तुकडाही पाकिटात घातला. तो कशाचा, हे लिहावयाचा धीर मात्र झाला नाही.