संतांच्या सणांनी मोजलेल्या बारा माश्या

शुभवर्तमानांत जाळ्यांचे उल्लेख अनेक आहेत. गळाचा मात्र एकच. मंदिराचा कर भरण्यासाठी प्रभू येशू पेत्राला समुद्रात गळ टाकावयास सांगतो (मत्तय १७:२७). गळाच्या मासेमारीचा इतिहास चाळताना हा प्रसंग आम्हांस वारंवार आठवला. कारण या इतिहासातही मठ, धर्मभगिनी आणि संतांचे सण पावलोपावली भेटतात.

युरोपातील नद्यांमधला ट्राउट मासा पाण्यावर उतरणारे कीटक टिपतो. त्या कीटकाचा भास व्हावा म्हणून गळाला लोकर, रेशीम व पिसे बांधून कृत्रिम माशी करतात. ही कला पुरातन आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातील कोळी गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे नमूद केले आहे.

अशा माश्यांची प्रसिद्ध जुनी यादी १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड याने छापलेल्या इंग्रजी ग्रंथात आढळते. तीत बारा माश्या असून त्या महिन्यांनुसार लावल्या आहेत : मार्चमध्ये दोन, एप्रिलमध्ये एक, मे व जूनमध्ये तीन-तीन, जुलैत दोन आणि ऑगस्टमध्ये एक. ग्रंथात काठी, गळ व दोरी यांची चित्रे आहेत. माश्यांचे एकही नाही. प्रत्येकीची कृती तेवढी एका ओळीत सांगितली आहे. 'गांधीलमाशी'चे अंग काळ्या लोकरीचे, त्यावर पिवळ्या धाग्याचे वेढे. 'शिंपमाशी'चे अंग हिरव्या लोकरीचे, त्यावर मोरपिसाचे तंतू. एवढ्यावरून मूळ कीटक कोणता, हे ओळखायचे कसे?

येथे संत आपल्या मदतीस येतात. जूनमधील एक माशी 'संत विल्यमच्या दिवशी' आणि शिंपमाशी 'संत थॉमसच्या दिवशी' वापरावी, असे ग्रंथ सांगतो. आपण ३ जुलैला प्रेषित थॉमसचा सण पाळतो, म्हणून आपल्या मनात प्रथम तोच येईल. परंतु इंग्लंडात जुलैतील हा लोकप्रिय दिवस कँटरबरीच्या हुतात्मा थॉमस बेकेटचा होता. १२२० साली ७ जुलैला त्याचे अवशेष नव्या समाधीत हलविण्यात आले होते. संत विल्यम हा यॉर्कचा आर्चबिशप. त्याचा सण ८ जूनला. शिवाय तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना होती. आजच्या गणनेने हे दिवस १७ जून व १६ जुलै ठरतात. नदीवर त्या सुमारास कोणते कीटक उडतात हे पाहिले की शोधाचे क्षेत्र आकुंचित होते. तरीही जॉन मॅकडोनल्ड यांच्या १९६३ च्या ग्रंथापर्यंत अनेकांनी या माश्या पुन्हा बांधून पाहिल्या, पण सर्वांवर एकमत झालेले नाही.

या ग्रंथाची लेखिका सॉपवेल मठाची अधिकारिणी ज्युलियाना बर्नर्स होती, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. एका धर्मभगिनीला हा मान मिळावा, असे आम्हांसही मनापासून वाटते. परंतु तिचे नाव १४८६ च्या आवृत्तीत शिकारीवरील भागाच्या शेवटी येते. मासेमारीचा भाग त्या आवृत्तीत नाहीच. सॉपवेलच्या अधिकारिणींच्या उपलब्ध नोंदींतही ते सापडत नाही. आपल्या लोकांचा गौरव करतानाही पुराव्यापुढे मान तुकविणे, हे सत्याच्या उपासकांस शोभते.

बव्हेरियातील टेगर्नझे या बेनेडिक्टाइन मठात मात्र संशयाला जागा नाही. तेथील १५०० च्या सुमारच्या हस्तलिखितात पिसे बांधलेल्या गळांच्या याद्या आहेत. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने मठाच्या कोठाराला मासे लागत. ही विद्या पोटाच्या गरजेतून आली होती.

पुढे आठव्या हेन्रीच्या काळात सॉपवेलचा मठ बंद झाला आणि १५३८ मध्ये बेकेटची समाधी उद्ध्वस्त करून त्याचा सणही रद्द करण्यात आला. १८३६ साली आल्फ्रेड रोनाल्ड्‌स यांनी खरा कीटक व कृत्रिम माशी यांची चित्रे शेजारी शेजारी देऊन शास्त्रीय नावांनी वर्गीकरण केले. ते निःसंशय अधिक अचूक आहे. पण सण पुसला गेला, तेव्हा त्या सणाला टांगलेले नदीचे ज्ञानही अंधुक झाले, हे विसरता येत नाही. आपल्याकडील वडीलधारी मंडळीही पेरणी, पाऊस नि लेकरांचे जन्म सणांवरून सांगतात. ती सांगत आहेत तोवर, तारखेसह, आपण ते लिहून ठेवावे.