सेलवरचा रेडिओ आणि विजेवरचा रेडिओ



आमच्या औंधात जुनं घर आवरायला काढलं की फडताळातून एखादा रेडिओ निघतोच. कुठे लाकडी पेटीचा मोठा, कुठे चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. त्याच्याबरोबर घरातल्या मोठ्या माणसांचे नियमही बाहेर येतात. ओल्या हातानं लावू नकोस. आभाळ गडगडलं की बंद कर. वर कापड घालू नकोस. सेल काढून ठेव. हे ऐकून सुना हसतात आणि म्हणतात, आता कोण पाळतं हे!

हे नियम एकाच रेडिओचे नाहीत. रेडिओ आपल्या घरात तीन वेळा आला, तीन निरनिराळ्या रूपांत, आणि दर वेळी धोक्याची जागा बदलली. कुठला नियम कुठल्या यंत्रापायी आला ते कळलं, की कुठला आजही पाळायचा हे आपोआप कळतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

औंध म्हणजे पंतप्रतिनिधींचं ७२ गावांचं छोटं संस्थान. गावं एका ठिकाणी नव्हती. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. त्या घटनेच्या कामात ज्यांचा मोठा हात होता ते मॉरिस फ्रीडमन मूळचे पोलंडचे आणि व्यवसायानं इंजिनिअर. याच संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथूनच १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागलं. यंत्रं आणि बायकांसाठीचं वाचन दोन्ही आमच्या मुलखात लवकर आलं. वीज मात्र खेड्यातल्या घराघरात पोचायला फार उशीर झाला. रेडिओची गोष्ट या उशिरापासूनच सुरू होते.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा लागे. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती आणि सेटची किंमत तर त्याहून कितीतरी मोठी. त्यामुळे रेडिओ असायचा तो वाड्यात, नाहीतर एखाद्या वकिला-डॉक्टरांच्या बैठकीत. तो सेट व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या दिव्यांचा. सुरू केल्यावर दिवे तापायला वेळ लागे आणि मगच आवाज येई. या दिव्यांना काम करायला दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब लागे. बंद केल्यावरही काही भागांत हा दाब थोडा वेळ साठून राही. काही सेटांत तर आतला पत्र्याचा सांगाडा थेट घरातल्या विजेच्या एका तारेला जोडलेला असे. कान पिळायची गुंडी निघाली आणि तिच्या आतल्या धातूच्या दांडीला ओला हात लागला, तर जोराचा धक्का बसू शके. 'ओल्या हातानं लावू नकोस' हा नियम या सेटानं दिला.

कापडाचा नियमही त्याचाच. व्हॉल्व्ह खूप तापत. ती ऊब बाहेर जावी म्हणून पेटीच्या पाठीला भोकं ठेवलेली असत. आपल्या आज्या-पणज्यांनी मात्र हौसेनं क्रोशाचं झाकण विणून त्यावर घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. तेव्हा लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं जुनी माणसं अजून सांगतात. भाव खरा होता. पण तापलेल्या सेटावर ओला हार आणि शेजारी निखारा, हे आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

गडगडण्याचा नियम एरियलचा. दूरचं केंद्र लागावं म्हणून छपरावर लांब तार ताणत आणि तिचं टोक घरात सेटापर्यंत आणत. घरातल्या घरात तांब्याच्या जाळीची पट्टीही लावत, ती अनेकींनी माहेरी पाहिली असेल. छपरावरच्या तारेला वीज घरात यायची वाट ठाऊक असे. म्हणून पावसाळी ढग दिसले की एरियल काढून ठेवायची आणि प्लगही काढायचा, अशी रीत पडली.

जिथे वीज नव्हती तिथे कोरड्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे सेट असत. पण त्या बॅटऱ्या जड, महाग आणि साध्या सेलसारख्या निरुपद्रवी नव्हत्या. मोठी बॅटरी बहुधा ९० व्होल्टची असे. ती मुलांच्या हाती द्यायची गोष्ट नव्हती. बायकांच्याही हाती ती कुणी देत नसे. पेटी उंच फळीवर असे. लावायची घरातल्या पुरुषानं आणि बंदही त्यानंच करायची. आमच्या सासूबाई म्हणत, "रेडिओ ऐकायला कुणाची ना नव्हती, पण त्याला हात लावायची सोय नव्हती."

गावचा सामाईक रेडिओ चावडीवर. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत माणसं एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. त्या पाचांत आपला जिल्हाही होता. तेव्हा त्याचं नाव उत्तर सातारा होतं. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला होता आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली झालं. या प्रयोगाचं नाव जगभर झालं. तरी चावडी ती चावडी. संध्याकाळी तिथे जाऊन बसणं घरच्या बाईला कुठलं शक्य?

मग आला दुसरा रेडिओ, आणि हा खऱ्या अर्थानं आपला झाला. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर नावाचा इवलासा भाग तयार झाला. १९५४ साली तिथे खिशात मावणारा रेडिओ विकायला आला. पुढे आपल्याकडे लोक त्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागले. यात तापणारे दिवे नाहीत आणि दोनशे व्होल्टही नाहीत. टॉर्चचे दोन, तीन किंवा चार सेल घातले की काम झालं. दीड-दीड व्होल्टचे चार सेल म्हणजे सहा व्होल्ट. एवढ्या दाबानं माणसाला झटका बसत नाही. एरियलही पेटीतच, एका काळ्या कांडीवर तार गुंडाळलेली. म्हणून तर सेट थोडा फिरवला की आवाज साफ होतो. छपरावरची तार गेली आणि तिच्या वाटेनं येणारी भीतीही गेली.

विजेवर चालणारी वस्तू बाईनं बिनधास्त हातात घेतली, ओट्यावर ठेवली, गोठ्यात नेली, शेतात झाडाला अडकवली, असं आमच्याकडे पहिल्यांदा घडलं ते या सहा व्होल्टांमुळे. १९६३ साली सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि जवळचा स्पष्ट आवाज मिळू लागला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. मग भांडी घासून झाली की पडवीत ट्रान्झिस्टर लावायचा. आता गुंडी सासूबाईंच्या हातात होती.

या हलक्या पेटीची खरी किंमत कळली ती ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. सव्वाचारनंतर काही मिनिटांतच कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर आपल्याच जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं. सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली, कोयनेचं वीजकेंद्र बंद पडलं आणि त्याचा फटका थेट मुंबईपर्यंत बसला. धक्के पुढेही येत राहिले. अशा वेळी घरात थांबायचं नसतं. विजेवरचा मोठा रेडिओ असलेलं घर मुकं झालं होतं. ज्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता त्यांनी तो काखोटीला मारून अंगण गाठलं. धरणाचं काय झालं, ही धास्ती सगळ्यांना होती. सासूबाई सांगत, की शेजारपाजारच्या बायका त्यांच्या ट्रान्झिस्टरभोवती घोंगड्या पांघरून बसल्या होत्या आणि बातमी आल्याशिवाय कुणी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं.

सेलच्या रेडिओला धोका नव्हताच असं मात्र नाही. तो फक्त सेलमध्ये आला. जुन्या सेलचं बाहेरचं आवरण जस्ताचं असे. सेल वापरून संपत आला की तेच आवरण झिजतं, आतला द्राव पाझरतो आणि पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. उन्हात ठेवले की सेल थोडे जिवंत होतात हे खरं, पण तेच लवकर फुटतातही. 'सेल काढून ठेव' हा नियम इथून आला, आणि तो आजही पूर्ण लागू आहे. पांढरी भुकटी दिसली तर उघड्या हातानं खरवडू नका. हातमोजा घाला, सुक्या ब्रशनं झाडा, जरा ओलसर फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि हात धुवा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. संपलेला सेल चुलीत टाकू नका, तो फुटतो. परसातल्या खतातही नको. तिथल्या गांडुळांचा आणि किड्यामुंग्यांचा विचार आपण नाही करायचा तर कुणी?

आता तिसरा रेडिओ. दिसायला ट्रान्झिस्टरसारखाच, पण आत मोबाइलसारखी चार्ज होणारी बॅटरी, नाहीतर थेट भिंतीतल्या प्लगला जोडायची सोय. आपल्या घरांत दिवसभर णमोकार म्हणणारा छोटा डबा असतो, तोही याच घराण्यातला. इथे आपली फसगत होते. हातातली वस्तू सहा व्होल्टवाल्या ट्रान्झिस्टरसारखी दिसते, म्हणून आपण तिच्याशी तसंच वागतो. पण वायर भिंतीत गेली की दुसऱ्या टोकाला २३० व्होल्ट उभे असतात, आणि मध्ये असतो तो फक्त एक अडॅप्टर. तो स्वस्तातला, बिनछापाचा असला तर त्याचा काय भरवसा?

म्हणून मी घरात एकच कसोटी ठेवली आहे: वायर भिंतीत आहे की नाही? वायर भिंतीत असेल, तर पणजीचे सगळे नियम परत लागू. ओला हात नको, मोरीजवळ किंवा ओट्यावर पाण्याशेजारी नको, वर कापड आणि फुलं नकोत, आभाळ गडगडलं की प्लग काढायचा. वायर भिंतीत नसेल, तर सासूबाईंचे नियम पुरे. चार्ज होणारी बॅटरी उशीखाली किंवा गादीवर ठेवून रात्रभर चार्ज करू नका. ती फुगलेली दिसली तर तो सेट तिथेच थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल लहान मुलांपासून दूर ठेवा. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

बरेच दिवस बंद असलेला सेट उघडताना आधी आत डोकावून पाहा. कोळी, मुंग्या, झुरळाची पिल्लं तिथे घर करतात. मऊ ब्रशनं त्यांना आधी बाहेर जाऊ द्या, मग सेल घाला. आपण याला यत्नाचार म्हणतो. मेकॅनिकही हेच सांगेल, कारण आत किडा अडकला की सेट बिघडतो.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असंही काही जणी विचारतील. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. कित्येक घरांत वीज नव्हती, फोन चार्ज होत नव्हते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. अशा दिवसांत साध्या सेलवर चालणारा रेडिओ वाड्यातल्या कुठल्याही मोठ्या यंत्राहून उपयोगी.

तेव्हा आषाढ लागायच्या आत एक काम करा. घरातला सेलवरचा रेडिओ शोधा, पुसा, सेल घालून लावून पाहा, जवळचं केंद्र कुठे लागतं ते कागदावर लिहा. मग सेल काढा आणि चार नव्या सेलसह सगळं एका कोरड्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवा. डबा कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, मुलींना आणि सुनांना आधी.