एकदा विकलेला माल

मागच्या महिन्यात आईसाठी मिक्सर घेतला. स्टेशनजवळच्या एका दुकानातून. नवव्या दिवशी मोठ्या भांड्याच्या तळातून चटणीचं पाणी गळायला लागलं. भांडं पिशवीत घालून दुकानात गेलो. मालकांनी भांड्याकडे बघितलंही नाही. पेन उचललं आणि डोक्यावरची पाटी दाखवली : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

मी म्हटलं, "अहो, नऊच दिवस झालेत."

ते म्हणाले, "पाटी काय आज लावली का? वीस वर्षं आहे तिथे."

घरी येईपर्यंत ती पाटीच डोक्यात होती. मग थोडं वाचलं, थोडं आईला विचारलं. पोस्ट लांब झाली आहे, पण वेळ काढून वाचा.

पाटीच्या मागचा विचार वीस वर्षांपेक्षा बराच जुना आहे. १९३० साली, इंग्रजांच्या काळात, मालविक्रीचा कायदा झाला. तो आजही लागू आहे. त्याचा रोख असा की घेणाऱ्याने बघून, पारखून घ्यावं. नंतर माल वाईट निघाला तर सहसा विकणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. अपवाद होते. वस्तू कशासाठी हवी हे सांगून, दुकानदाराच्या शब्दावर विसंबून घेतली असेल तर जबाबदारी त्याची. पण हे सिद्ध करायला दिवाणी कोर्ट गाठायचं. एका साडीसाठी, एका कंदिलासाठी वकील कोण लावणार? म्हणून पाटी टिकली.

त्या काळी पारखून घेणं निदान शक्य तरी होतं. ज्वारी मुठीत घेऊन बघायची, तूप हुंगायचं, कापड उजेडात धरायचं. अर्थात मापातली फसवणूक तेव्हाही होतीच. शेर गावोगावी वेगळा. १९५६ च्या कायद्याने किलो आणि लिटर आले, पुढे काही वर्षांत शेर-पायली कागदावरून गेली, तेव्हा कुठे देशभर एक माप झालं.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. माल डब्यात आणि पुडीत बंद झाला, त्यामुळे पारख संपली. आणि टंचाई आली. टंचाईत दुकानदार देईल ते आणि सांगेल त्या भावाने घ्यायचं. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं होतं. १९४८ साली नायगावच्या कामगारांनी 'अपना बाजार' उभा केला, तो याच अनुभवातून. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५४ साली अन्नभेसळीविरुद्ध आणि १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंसाठी कायदे केले. पण त्यांत तपासणार इन्स्पेक्टर आणि खटला भरणार सरकार. ज्या बाईच्या डाळीत खडे निघाले तिच्या हातात काहीच नव्हतं.

१९६६ साली मुंबईत नऊ बायका एकत्र आल्या आणि त्यांनी 'कन्झ्युमर गाईडन्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या, त्यांचा पाठपुरावा करायचा, लोकांना माहिती द्यायची. पुढे बाजारातल्या वस्तूंची तपासणी करून तिचे निष्कर्षही त्या छापू लागल्या. मोफत सल्ला देणारं सरकारी खातं तेव्हा नव्हतं.

मग १९७२ चा दुष्काळ. तेल, रवा, साखर, रॉकेल मिळेना, आणि मिळालं तर भाव परवडेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर जणींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका मोर्चात, हातात लाटणी. लाटणं-मोर्चाची आपण आज गंमत म्हणून आठवण काढतो. पण घर चालवणारी बाई हिशेब मागायला रस्त्यावर येते, ही तेव्हा राज्यकर्त्यांना चांगलीच झोंबलेली गोष्ट होती.

दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. तिची पद्धत साधी. आसपासच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आधी द्यायचे, माल एकत्र घाऊक भावाने घ्यायचा आणि वाटप सभासदांनीच करायचं. आमच्या बिल्डिंगमध्येही असा संघ होता. आई सांगते, "वाटपाच्या दिवशी जिन्यावर पोती असायची. काट्याकडे सगळ्या बघायच्या. मापात कोणी कोणाला फसवायचा प्रश्नच नव्हता, मोजणाऱ्या आम्हीच."

कायद्यातही बदल होत गेले. १९७६ चा वजनमापांचा कायदा आणि १९७७ चे नियम आल्यावर पुडीवर वजन, किंमत, कोणी बनवलं आणि कधी बनवलं हे छापणं बंधनकारक झालं. तरी किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असं छापायची सोय होती. कर किती हे गिऱ्हाइकाला माहीत नसायचं, दुकानदार सांगेल तो. १९९० साली ती पळवाट बंद झाली आणि 'सर्व करांसहित कमाल किंमत' आली. आज आपण पुडा उलटा करून सहज एमआरपी बघतो.

मोठा टप्पा म्हणजे १९८६. आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली होती. २४ डिसेंबर १९८६ ला आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्ह्याजिल्ह्यात मंच, वकिलाची सक्ती नाही, सुरुवातीला फीसुद्धा नाही. ज्याचं नुकसान झालं तोच उभा राहून बोलू शकेल अशी जागा पहिल्यांदा मिळाली.

त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, लागू झाला जुलै २०२० मध्ये. माझ्या मिक्सरचं उत्तर त्यात आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. वस्तूसाठी पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाईनला फोन करता येतो.

दुकानदाराची बाजूही सांगतो. रंग आवडला नाही, बायकोला पसंत पडलं नाही, म्हणून माल परत घ्यायला तो बांधील नाही. हक्क आहे तो सदोष मालाबद्दल. आणि बऱ्याचदा तो बिचारा कंपनी आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामध्ये अडकलेला असतो.

कायदा आहे म्हणजे न्याय पटकन मिळतो असंही नाही. मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९ साली रेल्वेच्या तिकीट खिडकीवर दोन तिकिटांचे सत्तरऐवजी नव्वद रुपये घेतले. वीस रुपयांसाठी ते भांडले. निकाल त्यांच्या बाजूने लागला २०२२ साली. बावीस वर्षं! कायद्यात मुदत महिन्यांची आहे, तारखा वर्षानुवर्षं पडतात. दुकानदाराला हे ठाऊक असतं, म्हणून पाटी काढायची त्याला घाई नाही.

आता माझी चूक. मिक्सर घेताना मालक म्हणाले होते, "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी लागेल. नको असेल तर अडीचशे कमी करतो." मी अडीचशे वाचवले. हातात काय? पेनने आकडा लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर दुकानाचं नावही नाही. आईला सांगितलं तर तिने कपाटातून तारेला खोचलेल्या जुन्या पावत्या काढून समोर ठेवल्या. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. फोनमधली पैसे दिल्याची नोंद दाखवली, तीस दिवसांचा नियम सांगितला, १९१५ ला फोन लावतो म्हटलं. मालकांनी भांडं ठेवून घेतलं. "कंपनीकडे पाठवतो, बघू." दहा दिवस झाले, अजून आलेलं नाही. पाटी तिथेच आहे.

त्या बायकांनी आणि पंचायतवाल्यांनी वीस वर्षं खपून जे मिळवलं, ते मी अडीचशे रुपयांत सोडून दिलं होतं. माझ्यासारखे आणखी किती आहेत ते बघायचंय. खाली लिहा. दुकानाचं नाव नको. काय घेतलं, काय झालं आणि पक्कं बिल घेतलं होतं का, एवढंच लिहा.