महाड-पोलादपूर परिसर आणि नभोवाणीचे जाळे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे नागपूर (१९४८), पुणे (१९५३), सांगली (१९६३) व रत्नागिरी (१९७७) ही केंद्रे उभी राहिली. या काळात तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात मात्र केंद्र झाले नाही. त्यामुळे महाड-पोलादपूरचा श्रोता मुंबई, पुणे व रत्नागिरी या दूरच्या केंद्रांवर अवलंबून राहिला. या अवलंबित्वाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भौगोलिक मर्यादा :
मध्यम लहरी भूपृष्ठालगत दूरवर जातात. एफ. एम. लहरींना मात्र डोंगरांचा अडथळा होतो. सह्याद्रीच्या कुशीतील पोलादपूरसारख्या तालुक्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

श्रोतृमंडळांचा प्रयोग :
युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ साली पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत लोक एकत्र कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा श्रोतृमंडळ असलेल्या गावांत ज्ञानवृद्धी अधिक झाल्याचे त्यात दिसून आले. आंबेनळी घाटापलीकडील उत्तर सातारा जिल्हा या प्रयोगात होता, कुलाबा नव्हता.

आपत्ती आणि संपर्क :
जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ८० हून अधिक बळी गेले, तर पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडीवर आघात झाला. दोन्ही वेळी वीज व दूरध्वनी खंडित झाले. अशा प्रसंगी बॅटरीवरील रेडिओ उपयुक्त ठरू शकतो. परंतु दूरच्या केंद्राचा इशारा सबंध जिल्ह्यासाठी असतो, दरड मात्र एका वाडीवर येते.

निष्कर्ष :
केंद्र सरकारने २००६ साली सामुदायिक रेडिओचे धोरण स्वयंसेवी संस्थांना खुले केले व २००८ साली म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. माणदेशासारख्या दुष्काळी भागात जे शक्य झाले, ते सावित्रीच्या खोऱ्यातही विचारात घेण्यासारखे आहे. मात्र १९५६ च्या प्रयोगाचा धडा विसरता येणार नाही : केवळ प्रक्षेपक उभारणे पुरेसे नाही, ऐकलेल्यावर विचार करून कृती करणारे श्रोतृमंडळही वाडीवाडीत असावे लागते.