डुकरांचा फ्लू : चोर सोडून संन्याशाला फाशी

१९१८ च्या साथीचा विषय निघाला की आपली चर्चा मुंबई बंदरापासून सुरू होते. त्या जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, पुढचं सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेत डुकरांचीही साथ आली होती. २००९ मध्ये पुण्याच्या बातम्यांमुळे आपल्या घराघरात पोचलेला 'स्वाइन फ्लू' हा शब्द तिथला आहे.

आयोवा म्हणजे मक्याचा आणि डुकरांचा प्रदेश. तिथे सीडर रॅपिड्स गावी ३० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९१८ या काळात डुकरांचं मोठं प्रदर्शन भरलं. माणसांत तेव्हा फ्लूची जीवघेणी लाट चालू होती. प्रदर्शनात बरीच डुकरं आजारी पडली, आणि ती आपापल्या गावी परतल्यावर तिथले कळपही.

जे. एस. कोएन हे सरकारी पशुरोग निरीक्षक. त्यांचं काम 'हॉग कॉलरा' रोखण्याचं. त्या रोगात कळप साफ होत असे. पण हे प्रकरण वेगळं होतं. काल ठणठणीत असलेला कळप आज सगळाच्या सगळा निपचित. ताप, खोकला, नाका-डोळ्यांना पाणी, पोट भात्यासारखं उडतंय. आणि आठवड्याभरात बहुतेक डुकरं उठून खायला लागतात! शिवाय शेतावर माणसं आणि डुकरं एकापाठोपाठ आजारी पडताना दिसत होती. हा फ्लूच आहे, असं कोएन यांनी सांगून टाकलं. डुकरांचे व्यापारी आणि पैदासकार खवळले, कारण मांस कोण घेणार? कोएन मात्र मागे हटले नाहीत.

पुरावा आला १९३१ मध्ये. रिचर्ड शोप हे आयोवाचेच. आजारी डुकरांचा स्राव त्यांनी जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि निरोगी डुकरांच्या नाकात सोडला. आजार झाला, पण सौम्य. सोबत एक विशिष्ट जंतू दिला तेव्हा मात्र जोरदार न्यूमोनिया झाला. म्हणजे विषाणू दार उघडतो आणि जंतू आत शिरतो. माणसातला फ्लूचा विषाणू लंडनमध्ये सापडला तो त्यानंतर, १९३३ मध्ये. पुढे शोप यांना दिसलं, की मोठ्या माणसांच्या रक्तात डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी द्रव्यं आहेत, साथीनंतर जन्मलेल्या लहान मुलांत ती सहसा नाहीत. मोठ्यांची त्या विषाणूशी १९१८ मध्येच गाठ पडली असावी, असा त्याचा अर्थ. आज बहुतेक अभ्यासक मानतात, की त्या वर्षी आजार माणसाकडून डुकरांत गेला.

मी मूळचा इंजिनियर. बिघाड सुरू कुठे झाला हे आधी बघायचं, ही सवय जात नाही. ते न बघितल्याने काय होतं, त्याची दोन उदाहरणं २००९ चीच आहेत. एप्रिलअखेर इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. तोवर तिथे फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. कैरोचा कचरा वेचून डुकरं पोसणाऱ्या जब्बालीन लोकांची पोटं मारली गेली, आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. नॉर्वेत उलट झालं. तिथल्या डुकरांत हा आजार नव्हताच. त्या शरद ऋतूत तो आला, आणि तपासात दिसलं, की आणणारी माणसंच होती.

म्हणून वराहपालनातले आजचे नियम वाचले की कोएन आठवतात. नवीन जनावर काही आठवडे वेगळं ठेवा. एका वयाची तुकडी एकदम भरा, एकदम रिकामी करा, मधे शेड धुऊन वाळवा. हवा खेळती ठेवा, पण थंड झोत नको. अंथरूण कोरडं, पाणी भरपूर, आजारी कळपाला हाकलू नका. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, ती फक्त मागून शिरणाऱ्या जंतूसाठी, आणि तीही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. आणि एक नियम १९१८ नेच शिकवलेला : ज्याला ताप-खोकला आहे, त्या कामगाराने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसाची मजुरी त्याला द्या, म्हणजे तो आजार लपवणार नाही.

रोगाला नाव डुकराचं पडलं, म्हणून आपण डुकराकडे बोट दाखवतो. कागदपत्रं मात्र सांगतात, की दारातून आजार घेऊन आत आलो ते बहुधा आपणच.