सेंद्रिय शेतीचा दाखला आणि सरकारी अनुदान

शेतात रासायनिक खत घालणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. न घालणाऱ्याला मात्र आपण ते घालत नाही हे सिद्ध करावे लागते. सेंद्रिय शेतीच्या दाखल्याचा सारा इतिहास ह्या विसंगतीभोवती फिरत आला आहे. हा पुरावा मिळविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या राज्यकर्त्यांनी फार उशिरा दिले.

वस्तुतः ह्या विद्येचा एक उगम आपल्याच भूमीतला. बिहारमधील पुसा येथील कृषिसंस्थेत काम केल्यानंतर आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ साली होळकरांच्या इंदुरात आले. पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती ह्यांचे थर रचून, ते वेळोवेळी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत तेथे सिद्ध झाली. तिच्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, तो हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्या दोघांच्या नावाने. पुढे १९३४ च्या भूकंपाने पुशाची संस्था उद्ध्वस्त झाली व १९३६ साली ती दिल्लीस आली. आपले नावही तिने तेथे नेले.

ह्याच दिल्लीत तीस वर्षांनी वेगळे वारे वाहू लागले. देशाला अन्न हवे होते. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आले, आणि त्या बियाण्याला रासायनिक खतांची जोड लागे. मराठे समितीच्या शिफारशीवरून १९७७ साली खतकारखान्यांना किमतीतील तफावत भरून देण्याची योजना सुरू झाली. खताच्या पोत्यामागे सरकारी तिजोरी उभी राहिली. उकिरड्यामागे तशी कोणी उभी नव्हती.

इकडे हॉवर्डांचे विचार इंग्लंडात रुजले होते. तेथे १९४६ साली मृदा-संघ स्थापन झाला. माल दूरच्या बाजारात जाऊ लागला, तसा गिऱ्हाईक शेतकऱ्याला ओळखीनासा झाला, आणि तोंडी शब्दाची जागा शिक्क्याने घेतली. युरोपने १९९१ साली त्याविषयी कायदेशीर नियम केले. भारतानेही २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आखला. पण तो वाणिज्य मंत्रालयाचा, म्हणजे नजर निर्यातीवर. तपासनीस संस्थेचे शुल्क, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि रूपांतराच्या दोन-तीन वर्षांत घटणारे पीक, हे ओझे दोन एकरांच्या धन्याने कसे पेलावे?

ह्याचे उत्तर राजधानीलगतच्या गाझियाबादेत शोधले गेले. तेथे २००४ साली राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्र सुरू झाले, आणि पुढच्या दशकात त्याच्या देखरेखीखाली सहभागी हमीची पद्धत रुजू लागली. एका गावचे किमान पाच शेतकरी गट करतात, परस्परांची शेते पाहतात आणि परस्परांची हमी घेतात. बाहेरच्या तपासनिसाचे काम शेजाऱ्याची नजर करते. २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेने ह्या पद्धतीला पैशाचे बळ दिले. पन्नास शेतकरी व पन्नास एकर असा एक समूह, एकरी तीन वर्षांत वीस हजार रुपये, आणि दाखल्याच्या खर्चाचा भार शेतकऱ्यावर मुळीच नाही, अशी तिची मूळ मांडणी होती.

तरीही प्रश्न संपला नाही. शेजाऱ्यांच्या हमीचा दाखला देशातील बाजारापुरता. परदेशी माल धाडावयाचा तर पुन्हा तपासनीस संस्थेचेच दार ठोठवावे लागते. शिवाय अनुदान तीन वर्षांचे, तर जमिनीची मशागत जन्माची. सरकारने कागदाचे मोल चुकते केले, हे योग्यच झाले. पण त्या कागदाला भाव देणारे गिऱ्हाईक बाजारात उभे राहिले नाही, तर चौथ्या वर्षी शेतकरी पुन्हा खताच्या पोत्याकडेच वळेल. दाखल्याची खरी कसोटी अनुदान थांबल्यानंतरच्या हंगामात लागते.