पलटण (खानदेशातील अर्थ व वापर)

पलटण (स्त्री.) : कवायती पायदळाचा मोठा गट. शब्द युरोपीय फौजांकडून आला. इंग्रजी प्लाटून आणि फ्रेंच पेलोटाँ ही त्याचीच भावंडे. मराठीत मात्र त्याचा आकार वाढला. इंग्रजीतली प्लाटून तीसेक जवानांची असते, तर आपल्या जवानाची पलटण म्हणजे आठशेच्या आसपास जवानांची अख्खी बटालियन. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते. त्यामुळे अनुवादात ‘प्लाटून’साठी पलटण लिहिणे ही चूकच आहे. फलटण या गावाच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही.

पलटणीच्या आधीचे शब्द माणसांच्या संख्येपेक्षा चाकरीची रीत सांगत. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. (बंगालीत मराठी स्वारांना ‘बर्गी’ म्हणतात, ते यावरूनच.) बारगीरांची घोडी बांधायची ती पागा. रिसाला म्हणजे घोडदळाचा गट, आणि शिबंदी म्हणजे किल्ला व वसुली राखायला ठेवलेली पगारी माणसे. 1818मध्ये इंग्रज खानदेशात उतरले तेव्हा त्यांना अडवले ते मुख्यतः अरब शिबंदीने. फेब्रुवारीत थाळनेरचा किल्ला पडला. शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली. मालेगावच्या किल्ल्याने जूनपर्यंत दम धरला.

भिल्ल पलटण : खानदेशात हा शब्द घरोघर पोचला तो हिच्यामुळे. सातपुडा व सातमाळ्यातल्या भिल्लांना नुसत्या मोहिमांनी नमवता येत नाही हे ईस्ट इंडिया कंपनीला सात वर्षांत कळले. 1825मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटाकडे भिल्लांचीच फौज उभी करण्याचे काम आले. ठाणे धरणगावला पडले. आउट्रम भिल्लांसोबत शिकारीला जाई, त्यांच्यात राही. भरती झाली ती या ओळखीवर. 1835पर्यंत तो खानदेशात होता. याच धर्तीवर मेवाड भिल्ल कोअर पुढे 1841मध्ये उभी राहिली. खानदेशातली फौजही कागदावर ‘कोअर’च होती, पण लोक तिला पलटणच म्हणाले. कागदावरचा गट कोणताही असो, गणवेश व कवायत दिसली की गावच्या तोंडी ती पलटण, हा वापर तेव्हापासूनचा.

टोळी : इथे शब्दाला निवाडा चिकटतो. डोंगरात राहून लढणाऱ्या भिल्लांना कंपनीच्या कागदांत टोळी म्हटले. त्यांचेच भाऊबंद धरणगावला गणवेशात उभे राहिले की पलटण. माणूस तोच, रान तेच. फरक पडला तो पगार कोण देतो यात. खाज्या नाईक यांचे उदाहरण घ्यावे. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा हा माणूस 1857मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला खाज्या नाईकांच्या माणसांनी इंग्रजी सैन्याशी समोरासमोर लढाई दिली. तिला टोळीची चकमक म्हणणे अन्यायाचे आहे; ती फौज होती. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवावे असे : ‘नाईक’ हा भिल्ल प्रमुखाचा मान, शिवकालीन पायदळात लहान गटाच्या म्होरक्याचा हुद्दा, आणि आजच्या भारतीय लष्करातही दोन फितींचा हुद्दा.

टोळी हा शब्द मुळात हलका नाही. आजही खानदेशातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची ‘टोळी’ असते, मुकादम तिला उचल देतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

चालू वापर : धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा ‘गट क्रमांक 6’ आहे. एरवी चार जणांचाही गट होतो. इथे मात्र गट म्हणजे बटालियनच. तुकडी कोणत्याही आकाराची चालते, शाळेच्या वर्गाचीही. पथक कामापुरते नेमलेले : भरारी पथक, बॉम्बशोधक पथक. लग्नाला आलेल्या पोराबाळांची ‘पलटण’ तर प्रत्येक घराला ठाऊक आहे.

लेखकांना विनंती : भिल्लांच्या लढ्यांविषयी लिहिताना कंपनीच्या कागदातली ‘टोळी’ जशीच्या तशी उचलू नये. गणवेश नसला तरी नायक, निशाण आणि लढाईचा हेतू असलेल्यांसाठी मराठीत ‘फौज’ हा शब्द आहे, तो वापरावा.